लोणारचा खार

छत्रपती संभाजीनगरहून जालना व सिंदखेडराजा या मार्गाने पूर्वेस गेले म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे खारे सरोवर लागते. विष्णूने येथे लवणासुराचा वध केला, असे पुराणकथा सांगते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर होय, असे भूशास्त्र सांगते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईने अकबरी’त, येथे काच व साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद केली. इंग्रजी अमदानीतही येथून खार काढला जात असे.

या सरोवराचे नवल असे की, धारेचे गोडे पाणी आणि पावसाळी ओहोळ येऊन मिळत असताही त्याचा सामू १० च्या आसपास टिकून राहिला. याचे मर्म त्याच्या खारातच आहे. त्यात कार्बोनेट व बायकार्बोनेट असे दोन भाऊबंद नांदतात. बाहेरून अल्क आला की बायकार्बोनेट त्यास गिळून स्वतः कार्बोनेट बनते; आम्ल आले की कार्बोनेट पुढे सरते. नुसते पाणी मिसळले, तर दोघेही सारखेच विरळ होतात. त्यांचे परस्परप्रमाण फारसे ढळत नाही, आणि सामू मुख्यतः त्या प्रमाणावरच अवलंबून असतो.

लिटरभर शुद्ध पाण्यात ०.४ ग्रॅम कॉस्टिक सोडा घातला, तर सामू ७ वरून १२ वर जातो. तोच सोडा, ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा व १०.६ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा विरघळलेल्या लिटरभर पाण्यात घातला, तर सामू जेमतेम एक दशांशाने चढतो. अशा द्रावणास बफर म्हणतात.

शास्त्रास हे कोडे उलगडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०८ साली अमेरिकेत हेंडरसनने, रक्तातील बायकार्बोनेट आम्लाचा आघात कसा झेलते, त्याचे गणित मांडले; १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने सामूची मोजपट्टी दिली. लोणारचा खार विकणाऱ्यांस यातले काही ठाऊक नव्हते. तरी त्यांचा व्यवहार शतकानुशतके त्याच खारावर चालला.

मात्र ही ढाल अक्षय नव्हे. बायकार्बोनेट संपले की अल्काचा पुढचा थेंबही सामू झपाट्याने चढवितो. आणि गोडे पाणी व सांडपाणी सतत येत राहिले, तर लिटरमागे खाराचा साठा घटून ढाल पातळ होते. २०२० साली लोणार रामसर स्थळ ठरले. त्याचे रक्षण करावयाचे म्हणजे केवळ काठ राखणे नव्हे, तर पाण्यातला खार राखणे होय.