म्हातारे मांजर अचानक आजारी पडते तेव्हा

मांजराचे वार्धक्य साधारणपणे दहाव्या वर्षापासून धरले जाते आणि पंधरा वर्षांचे मांजर माणसाच्या पंचाहत्तरीशी तोलले जाते. या वयातले मांजर एके सकाळी उठत नाही, खात नाही, चालताना कोलमडते, आणि घरात पहिले वाक्य उमटते ते ‘आता वय झाले त्याचे’. हे वाक्य बहुतेक वेळा घाईचे असते. वय हा आजार नव्हे, आणि म्हातारपणी अचानक आल्यासारख्या वाटणाऱ्या कित्येक दुखण्यांतून मांजर पुन्हा उठून बसते. मात्र पहिल्या दिवसात काय केले आणि काय टाळले, यावर पुष्कळ अवलंबून असते.

बिदर जिल्ह्यातील औरादचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. (निलंगा तालुक्यातील औराद शहाजानी ते वेगळे.) मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या या सीमावर्ती तालुक्याच्या एका अंगाला बिदर आहे. 2004च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे ते मुख्यालय. दुसऱ्या अंगाला महाराष्ट्रातील उदगीर, जिथे नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या मधोमध वसलेली गावे देशात फार नसतील. तरीही हा सारा मुलूख देवणी गाईबैलांचा. जनावराचा डॉक्टर म्हणजे गोठ्यात येणारा डॉक्टर, अशीच इथली समजूत. बैल आजारी पडला तर रात्रीतून फोन जातो. मांजरासाठी फोन करायला माणूस संकोचतो. ‘1962’ या क्रमांकावर येणारे फिरते पशुचिकित्सा पथकही प्रामुख्याने गुराढोरांसाठीच ओळखले जाते. गोव्यात पणजीनजीक टोंक येथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय असले, तरी सत्तरी, सांगे, काणकोणातील आतल्या वाड्यांवर अंतराचा आणि संकोचाचा प्रश्न याहून वेगळा नाही.

‘अचानक’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. मांजर स्वतः शिकारी असले तरी मोठ्या प्राण्यांची शिकारही होते, त्यामुळे अशक्तपणा लपवण्याची त्याची वृत्ती उपजत आहे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार हा म्हाताऱ्या मांजरांतला नेहमीचा आजार. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. त्याआधी कित्येक महिने मांजर जास्त पाणी पीत असते, मूत्राच्या जागी जास्त ओल दिसत असते, पाठीचा कणा हाताला लागू लागलेला असतो. भूक वाढूनही वजन घटत असेल तर थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक किंवा मधुमेह असण्याची शक्यता मोठी. मांजरांतील हा थायरॉइडचा विकार वैद्यकशास्त्राने 1979 साली प्रथम नोंदवला, म्हणजे ‘म्हातारपणी वाळतेच मांजर’ ही समजूत त्याआधी किती मांजरांना भोवली असेल कोण जाणे. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो घटणे. महिन्यातून एकदा पिशवीत बसवून ताणकाट्याला लावले तरी ते कळते.

घरच्यांना सर्वांत घाबरवणारे दुखणे तोल जाण्याचे. मांजराची मान एका बाजूला कलते, बुबुळे आडवी थरथरतात, ते गोल गोल फिरते, उभे राहायला जाते आणि त्याच बाजूला कोसळते. गावाकडे याला ‘वारे गेले’ म्हणतात आणि आशा सोडतात. वास्तविक, अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा हा बिघाड पुष्कळदा कोणतेही कारण न सापडता येतो आणि आपोआप ओसरतो. पहिले दोन-तीन दिवस वाईट, मग हळूहळू सुधारणा, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत मांजर नेहमीसारखे हिंडू लागते. काहींची मान किंचित कललेलीच राहते, पण त्याने त्यांचे काही अडत नाही. असेच चित्र कानाच्या आतल्या संसर्गाने किंवा मेंदूतील दोषानेही दिसू शकते, म्हणून तपासणी टाळता येत नाही. मोबाइलवर त्या क्षणाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घेऊन ठेवली तर डॉक्टरांचे अर्धे काम होते, कारण टेबलावर ठेवलेले मांजर भीतीने आखडते आणि लक्षणे लपतात.

मान वळण्याऐवजी छातीकडे खाली लोंबू लागली, तर आहाराकडे पाहावे. काही जातींच्या कच्च्या मासळीत थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. शिजवल्यावर ते निष्प्रभ होते. बाजारातून आणलेल्या मासळीची कच्ची डोकी आणि आतडी हाच ज्या मांजराचा रोजचा आहार, त्याला हा धोका असतो आणि गोव्यातील घरांनी तो विशेष लक्षात ठेवावा. वेळेत इंजेक्शन मिळाले तर सुधारणा एक-दोन दिवसांत दिसू लागते. औरादसारख्या ठिकाणी, विशेषतः शाकाहारी घरांत, चूक नेमकी उलटी होते. तिथे मांजर वर्षानुवर्षे दूध-भाकरीवर पोसले जाते. मांजराला टॉरिन हे द्रव्य आहारातूनच लागते आणि ते मांस-मासळीतच असते. त्याच्या अभावाने दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात, हे हृदयाशी असलेले नाते 1987 साली सिद्ध झाले. दुधाने पोट भरते, कित्येक प्रौढ मांजरांना त्याने जुलाबही होतात, पण मांजर जगते ते अधूनमधून मारलेल्या उंदरांवर. म्हातारपणी शिकार सुटते आणि मग ही उणीव उघडी पडते.

काही लक्षणांत मात्र सकाळची वाट पाहणे परवडत नाही. बोका वारंवार मूत्राला बसतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, तर मूत्रमार्ग बंद झालेला असतो. एक-दोन दिवसांत जीव जातो. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, गार लागले आणि मांजर वेदनेने किंचाळू लागले, तर रक्ताची गुठळी अडकल्याची शक्यता असते. यात पुष्कळ मांजरे वाचत नाहीत आणि वेदना थांबवण्यासाठी शांत मरण देण्याचा विचार डॉक्टर मांडतात. तो ऐकून घेणे क्रूरपणाचे नाही. उघड्या तोंडाने श्वास घेणे, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडणे, एका रात्रीत दिसेनासे होणे, हीही तशीच निकड. शेवटचे लक्षण बहुधा उच्च रक्तदाबाचे. दाब लवकर आटोक्यात आला तर थोडीफार दृष्टी परत येऊ शकते.

घरगुती उपायांत सर्वांत घातक म्हणजे माणसाची तापाची गोळी. पॅरासिटामॉल पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात नाहीच म्हटले तरी चालेल. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चेहरा सुजतो, हिरड्या तपकिरी पडतात. यावर उतारा आहे, पण तो दवाखान्यात आणि तासांच्या हिशेबात. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले गोचिडनाशक मांजराला लावणे तितकेच धोक्याचे. आणि लस न टोचलेले मांजर एकाएकी चवताळले किंवा तोंडातून लाळ गळू लागली, तर तोंडात हात घालू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुऊन थेट रुग्णालय गाठावे.

औरादहून बिदर काय आणि उदगीर काय, दोन्हीकडे जाण्यात साधारण तास मोडतो. पोत्यात कोंबून नेलेले मांजर वाटेतच अर्धमेले होते. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत घरातलीच मळकी चादर आणि वरून ओलसर फडके, एवढे पुरते. एप्रिल-मेमध्ये पहाटेच निघावे. एकदा बिदरला आणि एकदा उदगीरला दाखवणाऱ्यांनी केसपेपर व रक्ततपासणीचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत. राज्य बदलले की औषधाच्या गोळीचे नाव बदलते, आणि तेच औषध दोनदा दिले जाते.

सलाइन आणि इंजेक्शने झाली की मांजर घरी येते, आणि खरे दुखणे काढणे तिथून सुरू होते. मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः लठ्ठ असेल, तर अंगावरची चरबी यकृतात साचून नवाच आजार उभा राहतो. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हा नियम इथे लागू नाही. मांजर वासावर खाते. नाक चोंदले किंवा अन्न फ्रिजमधले गार असले तर ते तोंड फिरवते. उकडलेली कोंबडी किंवा मासळी कुस्करून, अंगाइतकी कोमट करून, बोटावर देऊन पाहावी. कांदा-लसूण घातलेला रस्सा कदापि नाही, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. सिरिंजने भरवायचे तर मांजर बसते ठेवून, गालाच्या बाजूने, घोट घोट. आडवे करून ओतले की अन्न फुप्फुसात जाते. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी आणि खाण्यापासून दूर असावीत. शौचाचे तसराळे बुटक्या काठाचे हवे, संधिवाताने आखडलेले मांजर उंच काठ ओलांडू शकत नाही आणि मग कोपऱ्यात घाण करते, त्याबद्दल मार खाते.

मूत्रपिंडाच्या आजारात घरीच त्वचेखाली सलाइन देण्याची पद्धत आहे. डॉक्टरांकडून प्रमाण आणि हात दोन्ही शिकून घेतले, तर घरातली शाळकरी मुलगीही धीराने ते करू शकते, आणि बिदरची फेरी आठवड्यावरून महिन्यावर जाते. सुधारणेची खूण मात्र बारीक असते. मांजर उठून फिरले यापेक्षा त्याने पुन्हा स्वतःचे अंग चाटायला घेतले, याला महत्त्व अधिक. आजारी मांजर अंग चाटणे सोडते, केस चिकट होतात, पाठीवर गुंते धरतात. ज्या दिवशी पंजा ओला करून ते कानामागे फिरवू लागते, त्या दिवशी दवाखान्याला फोन करून पुढच्या रक्ततपासणीची तारीख ठरवावी.