‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६५) : एका हेरपटाचे ऐतिहासिक पुनर्मूल्यांकन

मार्टिन रिट दिग्दर्शित ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ डिसेंबर १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात जेम्स बाँडचा ‘थंडरबॉल’ही पडद्यावर आला. एकीकडे रंगीत साहस, तर दुसरीकडे ओस्वाल्ड मॉरिस यांच्या कृष्णधवल छायाचित्रणातील थकलेला, मद्यासक्त ॲलेक लीमास. रिचर्ड बर्टन यांची ही भूमिका आजही अस्सल वाटते. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे : जॉन ल कारे यांच्या १९६३ च्या कादंबरीवरील ही कृती साधन म्हणून कितपत विश्वसनीय ठरते?

पूर्व जर्मन हेरखात्यातील मुंट या क्रूर अधिकाऱ्याचा काटा काढण्यासाठी आपणास फितुराचे सोंग देण्यात आले आहे, अशी लीमासची समजूत असते. वस्तुतः मुंट हाच ब्रिटिशांचा हस्तक असून, त्याच्यावर रास्त संशय घेणाऱ्या फिडलर या ज्यू अधिकाऱ्याचा बळी घेणे हाच मूळ डाव असतो. हे कथानक अतिरंजित म्हणता येत नाही. बर्लिनची भिंत उभी राहिली त्याच वर्षी, म्हणजे १९६१ मध्ये, ब्रिटनचा जॉर्ज ब्लेक आणि पश्चिम जर्मनीचा हाइन्झ फेल्फे हे दोघेही सोव्हिएत हस्तक असल्याचे उघड झाले. फेल्फे तर सोव्हिएतविरोधी प्रतिहेरगिरीचाच प्रमुख होता आणि पूर्वी नाझींच्या एस.एस. संघटनेत होता. यंत्रणेच्या रक्षकानेच शत्रूची चाकरी करावी, हे त्या काळाचे वास्तव होते.

चित्रपटाची उणीव अन्यत्र आहे. पूर्व जर्मनी येथे चौकशीच्या खोल्या आणि न्यायाधिकरण यांपुरतीच उरते. १९९२ पासून श्टाझीची दप्तरे नागरिकांना खुली झाली. १९८९ मध्ये तिचे सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांतील खबरे निराळेच. दैनंदिन पाळतीच्या या जाळ्याचा चित्रपटात मागमूसही नाही. ग्रंथालयात काम करणाऱ्या नॅनची साम्यवादी निष्ठाही निव्वळ भाबडेपणापुरती राहते. (पडद्यावरील भिंतदेखील बर्लिनची नव्हे, डब्लिनमध्ये उभारलेली होती, दृश्य साधने वापरताना हे ध्यानी ठेवलेले बरे.)

तरीही अखेरचा प्रसंग झिजलेला नाही. नॅनला गोळी लागताच लीमास पश्चिमेकडे उडी न घेता तिच्या बाजूस खाली उतरतो व मारला जातो. पाच दशकांनंतर, २०१७ मध्ये, ल कारे यांनी ‘अ लेगसी ऑफ स्पाइज’ ही कादंबरी लिहिली. तीत लीमास आणि त्या तरुणीची अपत्ये या दोन मृत्यूंचा जाब ब्रिटिश गुप्तचर खात्याला विचारतात.