चंपीचा शाम्पू

दुकानाच्या फळीवर शाम्पू, कंडिशनर, हेअर मास्क, सीरम अशा बाटल्या दाटीवाटीनं उभ्या असतात. नावं सगळी परदेशी वाटतात. त्यातला शाम्पू मात्र मूळचा इथलाच.

हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणं, रगडणं. ‘चाँपो’ या आज्ञार्थी रूपावरून 18व्या शतकात इंग्रजीनं हा शब्द उचलला, तोही अंग रगडण्याच्या अर्थानं. केसांचा तेव्हा संबंधच नव्हता! पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेचं स्नानगृह काढलं. तिथं गिऱ्हाइकाला औषधी वाफेत बसवून अंग रगडून देत, आणि त्यालाच ‘शाम्पूइंग’ म्हणत. चौथ्या जॉर्ज राजानं तर त्यांना ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमलं. केस धुण्याचा अर्थ चिकटला तो 19व्या शतकाच्या उत्तरार्धात. पुढं 1903 साली बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफ यांनी शाम्पूची पूड विकायला काढली. शब्द क्रियेवरून वस्तूवर सरकत गेला.

मराठीला हे घराणं अनोळखी नाही. ‘चापून वेणी घालणं’, ‘चापूनचोपून नेसणं’ यांतलं चापणं त्याच कुळातलं.

आजीच्या न्हाणीतली शिकेकाई मात्र दक्षिणेची पाहुणी. तमिळमध्ये ‘काय्’ म्हणजे न पिकलेलं फळ किंवा शेंग. तिच्यात आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, म्हणून फेस येतो. डोळ्यांत गेल्यावर होणारी आग शब्दकोशात सापडत नाही, ती ज्यांनी सोसली त्यांनाच ठाऊक.