ओसरीवरचे कॉलेज

आपल्या जुन्या घरांत ओसरीवर कोणीही येऊन टेकावे. माजघरात मात्र ठरावीक माणसांनाच प्रवेश असे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा इतिहास वाचताना मला या ओसरीची वारंवार आठवण झाली. दोन वर्षे गावच्या कॉलेजात शिकायचे आणि उरलेली दोन विद्यापीठात काढून पदवी घ्यायची, ही वाट तिकडे आज सर्वांच्या परिचयाची आहे. मॅट्रिकपाशी थांबलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला तिचे अप्रूप वाटावे, यात नवल ते काय? परंतु ही वाट ज्यांनी पाडली, त्यांचा हेतू पाहिला म्हणजे मौज वाटते.

शिकागो विद्यापीठ १८९२ साली उघडले. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित. विद्यापीठाने संशोधन करावे, प्राथमिक पाठ घोकून घेण्यात शक्ती दवडू नये, असे त्यांचे मत. त्यांनी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दोन भाग केले. १८९६ पासून त्यांना ज्युनिअर कॉलेज व सीनिअर कॉलेज म्हणू लागले. आपल्याकडे जुन्या लोकांना इंटर आर्ट्‌सचा टप्पा आठवत असेल. पण तो एकाच कॉलेजच्या छपराखाली होता. हार्परना पहिला भाग घराबाहेरच हवा होता. शिकागोजवळच्या जोलिएट गावचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राउन त्यांना येऊन मिळाले आणि १९०१ साली तेथील हायस्कुलातच सहा विद्यार्थ्यांचा वर्ग भरला. माजघर शांत राहावे म्हणून ओसरी बांधली गेली!

ओसरीवर गर्दी मात्र वाढतच गेली. १९०७ साली कॅलिफोर्नियाने हायस्कुलांना असे वर्ग चालवण्याची कायद्याने मुभा दिली. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगाव अशी कॉलेजे काढण्याचा आग्रह धरला, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. १९६० साली कॅलिफोर्नियाने तर मापच ठरवले: हायस्कुलातून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या अष्टमांशाला मोठे विद्यापीठ, वरच्या तृतीयांशाला राज्य कॉलेजे, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले.

पण खुले दार म्हणजे मोकळी वाट नव्हे. त्याच १९६० साली समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी एका निबंधात दाखवून दिले, की विद्यापीठाची आस धरून आलेल्या मुलाला ही कॉलेजे 'नाही' असे तोंडावर म्हणत नाहीत; त्याची उमेद हळूहळू थंड करतात. आधी चाचणी, मग कच्च्यांचा वर्ग, मग समजुतीचा सल्ला. या खटाटोपात इंग्रजीचे महत्त्व फार. कच्च्यांच्या वर्गात अडकलेली कित्येक मुले निबंधलेखनाच्या खऱ्या वर्गापर्यंत पोचतच नसत. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून अशा सक्तीला आळा घातला.

म्हणूनच इंग्रजी साहित्य घेऊन पुढे जाऊ पाहणाऱ्याला तिकडे पहिल्या दिवसापासून हिशेब मांडावा लागतो. दोन वर्षांत साठेक श्रेयांक जमवायचे असतात. पण जमवलेले सारेच पुढे चालतील असे नाही. त्यामुळे शहाणा विद्यार्थी आधी विद्यापीठ ठरवतो, त्याची यादी पाहतो आणि मग उलट्या क्रमाने आपले वर्ग निवडतो. निबंधलेखन आधी उरकायचे, कारण बहुतेक ठिकाणी ते लागतेच. मग साहित्याची तोंडओळख, इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या वाङ्मयाचा आढावा, आणि विद्यापीठ मागत असेल तर एखादी परकी भाषा. शेक्सपिअरचा सखोल अभ्यास पुष्कळदा पुढच्या घरासाठी राखून ठेवलेला बरा. अनावश्यक घेतलेला एकेक वर्ग म्हणजे गरिबाच्या पोराचे पैसे आणि महिने.

ओसरीवरून कोण कोण उठून गेले, तेही पाहावे. ऑस्कर इहुएलोस हा क्यूबातून आलेल्या आईबापांचा मुलगा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजात शिकला, पुढे सिटी कॉलेजात गेला, आणि १९९० साली त्याच्या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची कहाणी याहून वेगळी. हार्परच्याच शिकागो शहरातल्या विल्सन ज्युनिअर कॉलेजातून त्या १९३६ साली उत्तीर्ण झाल्या आणि पुढे कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीसाठी गेल्या नाहीत. १९५० साली कवितेचे पुलित्झर त्यांना मिळाले. हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. नंतर विद्यापीठांनी त्यांना बोलावले ते शिकवण्यासाठी.

हार्परनी ओसरी बांधली ती आतली शांतता राखण्यासाठी. तिच्यावर येऊन बसलेल्या माणसांनी तिला घराचे दार करून टाकले.