गिरगावचे ऑपेरा हाऊस

पेण-रोह्याकडील मागच्या पिढीतील माणसे धरमतरहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरत. गिरगावातील आप्तांचा पत्ता विचारताना ‘ऑपेरा हाऊसजवळ’ एवढे सांगितले की पुरे होई. एका नाट्यगृहाने साऱ्या वस्तीस नाव द्यावे, हा मान मुंबईत मोजक्याच वास्तूंना लाभला आहे.

मॉरिस बँडमन हे नाटकमंडळीचे चालक आणि जहांगीर फ्रामजी काराका यांनी १९०८ साली ही वास्तू योजिली. १९११ साली बादशहा पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम पुरे व्हावयाचे होते! ससून घराण्याने दिलेली झुंबरे आणि सोनेरी मुलामा पाहून लोक दिपून जात. आम्हांस मात्र अधिक मोलाचे वाटते ते तिचे छत. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात वरच्या गॅलरीतील श्रोत्यासही शब्द न् शब्द ऐकू यावा, अशी त्याची रचना होती. बालगंधर्व व मास्टर दीनानाथ याच छताखाली गाइले.

पुढे काळ पालटला. गिरगावातच ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला होता आणि १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. ऑपेरा हाऊसनेही पडदा लावला. १९३५ नंतर ते पुरतेच चित्रपटगृह झाले. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. दूरदर्शन व व्हिडिओ घरोघर पोहोचल्यावर प्रेक्षक आटले आणि १९९३ साली दारे बंद झाली.

कॉरोनेशन गेले. मॅजेस्टिकच्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली. गिरगावातील जमिनीचा भाव पाहता ऑपेरा हाऊसचेही तेच व्हावयाचे. परंतु राजघराण्याने बंद वास्तू तेवीस वर्षे सांभाळली, पाडली नाही. रिकाम्या इमारतीचे छत दरसाल पावसाळ्यातून निभावून नेणे म्हणजे काय, हे कोकणात जुने देऊळ वा चर्च राखणाऱ्यांस सांगावयास नको. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे उघडली. पुढील वर्षी युनेस्कोनेही या कामाचा गौरव केला.

पुनरारंभाच्या त्या सायंकाळी मुंबईत जन्मलेल्या गायिका पॅट्रिशिया रोझारियो तेथे गायल्या. चित्रपटांची सारी दशके ओलांडून ऑपेराचे सूर पुन्हा त्या छताखाली उमटले.