अर्धे की पूर्ण?

फलित अंडे म्हणजे एकच पेशी. तिच्यातून डोळे, हृदय, पाय कसे तयार होतात? सतराव्या शतकात अनेकांना याचे उत्तर सोपे वाटे. नवे काही तयार होतच नाही, इवलासा जीव आत आधीपासून असतो आणि तो फक्त मोठा होतो! हार्टसूकर या डच अभ्यासकाने १६९४ साली शुक्रपेशीत गुडघे दुमडून बसलेला माणूस चितारला. तो त्याने पाहिला नव्हता. असा दिसू शकेल, अशी ती कल्पना होती. १७५९ मध्ये वोल्फने कोंबडीच्या अंड्यांचे निरीक्षण करून म्हटले, की सुरुवातीला हृदय नसते, रक्तवाहिन्याही नसतात. त्या क्रमाने घडत जातात.

पण कोणत्या पेशीने काय व्हायचे, हे केव्हा ठरते?

१८८८ मध्ये विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञाने हा प्रश्न प्रयोगाने सोडवायचे ठरवले. बेडकाच्या फलित अंड्याच्या दोन पेशी झाल्या, की त्यांतली एक तो तापलेल्या सुईने मारी. उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण तयार झाला. म्हणजे, रूच्या मते, पहिल्याच विभाजनात डाव्या-उजव्या अंगाची वाटणी होऊन जाते.

तीन वर्षांनी हान्स ड्रीशने सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी घेतली. दोन पेशींच्या अवस्थेत ती नळीत जोरजोरात हलवून त्याने पेशी सुट्या केल्या. अपेक्षा होती अर्ध्या भ्रूणांची. दुसऱ्या दिवशी पाण्यात पोहत होते ते आकाराने लहान, पण पूर्ण जीव!

मग चुकले कोण? निरीक्षणे दोघांचीही खरी होती. फरक होता पद्धतीत. रूच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती. १९१० मध्ये मॅक्लेंडनने बेडकाच्या दोनपैकी एक पेशी शोषून पूर्णपणे काढून टाकली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून पूर्ण भ्रूण तयार झाला. शेजारी मेलेली पेशी असली, तरी जिवंत पेशी ‘आपण अर्ध्याच आहोत’ अशी वागत होती. म्हणजे पेशीचे भवितव्य तिच्या आतल्या द्रव्याबरोबरच तिच्या शेजारावरही ठरते.

ड्रीशला मात्र आपल्याच निकालाने कोड्यात टाकले. यंत्राचे दोन तुकडे केले तर दोन पूर्ण यंत्रे होत नाहीत. तेव्हा सजीवात काही निराळी शक्ती असली पाहिजे, असे मानून तो अखेर तत्त्वज्ञानाकडे वळला. ज्यांनी प्रयोग चालू ठेवले, त्यांना वाट सापडली. १९२४ मध्ये श्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी न्यूट या उभयचराच्या एका भ्रूणातील छोटासा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला. त्या तुकड्याने आसपासच्या पेशींनाही कामाला लावले, आणि तिथे दुसरा भ्रूण आकार घेऊ लागला. पेशी एकमेकींना रासायनिक संदेश देतात, हे आज आपल्याला माहीत आहे.

वर्गात एकसारख्या जुळ्यांचा विषय निघाला, की रू आणि ड्रीश यांचे प्रयोग जरूर सांगावेत. मात्र मॅक्लेंडनचे नाव घेण्यापूर्वी थोडे थांबावे आणि मुलांना विचारावे: या दोघांपैकी कोण बरोबर, हे तुम्ही कसे ठरवाल?