भूजलाची मोजणी अवकाशातून

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी गोडे पाणी जेमतेम अडीच टक्के. त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक बर्फात गोठलेले, उरलेले बहुतांश भूगर्भात. मानव उपसतो त्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागते. विहिरींच्या नोंदी त्या त्या जागेपुरत्याच बोलतात. २००२मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' या जुळ्या उपग्रहांनी मात्र गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून विस्तीर्ण प्रदेशांतील पाण्याची घट-वाढ टिपली. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा व दिल्लीच्या भूगर्भातून सुमारे १०९ घन किलोमीटर पाणी कमी झाल्याचे २००९मध्ये त्यातूनच उघड झाले. विशेष म्हणजे, पाऊस तेव्हा सरासरीइतका होता. कारण होते सिंचनासाठीचा अतिउपसा. ही जोडी २०१७मध्ये थांबली. २०१८मध्ये तिच्या जागी नवी जोडी सोडण्यात आली.